उशांचा किल्ला पाडा!

लहानपणी दिवाळीत केलेला किल्ला आठवतोय? दगडविटांचा डोंगर, त्यावर ओलं पोतं, पोत्यावर चिखल, चिखलात पेरलेले अळीव आणि जागोजागी मातीचे मावळे! आपण मोठे झालो, नोकरीला लागलो, फ्लॅटमध्ये राहायला गेलो, तरी किल्ला बांधायचं खूळ काही डोक्यातून जात नाही. फक्त जागा बदलते. आता किल्ला डबलबेडवर उभा राहतो. मधोमध सहा-सात महिन्यांची स्वारी गाढ झोपलेली. डावीकडे दोन उशा, उजवीकडे लोड, पायथ्याशी घडी घातलेली दुलई आणि कोपऱ्यांवर सोफ्याच्या कुशन्सचे बुरूज. आई श्वास रोखून, पाऊल न वाजवता खोलीबाहेर पडते. बाबांचा हॉलमध्ये क्लायंटबरोबर कॉल चालू असतो. सगळं कसं शांत शांत...

आणि मग एकदम, धप्प!

ज्यांच्या घरात रांगतं बाळ आहे, त्यांना हा आवाज वेगळा समजावून सांगायला नको. ज्यांच्या घरात अजून नाही, त्यांनी हे पान कापून फ्रीजवर लावून ठेवा. आज ना उद्या कामाला येईल.

तर आजचा विषय हाच. बाळाला जवळ घेऊन झोपायची सवय आहे आणि बाळ आता वळायला, सरकायला, रांगायला लागलंय. अशा वेळी रात्रीची व्यवस्था करायची कशी? एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून टाकते. उशांचा किल्ला हा त्यावरचा उपाय नाहीच. उलट निम्मी भानगड तोच करतो.

सव्वीस आठवड्यांचं टायमिंग

जरा कॅलेंडर बघा. २०१७ मध्ये कायदा बदलला आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. म्हणजे ढोबळमानाने सहा महिने. आता बाळाचं कॅलेंडर बघा. चौथ्या ते सहाव्या महिन्यात बाळ कुशीवर वळतं, मग पालथं पडतं. सहाव्या-सातव्या महिन्यात बसायला लागतं. सात ते दहा महिन्यांच्या दरम्यान रांगतं आणि साधारण त्याच सुमाराला हाताला येईल ते धरून उभं राहण्याचे उद्योग सुरू होतात. थोडक्यात काय, तर आई पुन्हा गळ्यात आयकार्ड अडकवून ऑफिसला जायला लागते, नेमके तेव्हाच बाळालाही पाय फुटतात!

दिवसभर आई दिसत नाही, म्हणून रात्री बाळ तिला चिकटतं. दिवसा वाटी-चमच्याने पाजलेलं दूध स्वारीला फारसं पसंत नसतं, त्याची वसुली रात्री होते. आईलाही तेच हवं असतं. दिवसभर एक्सेल शीटमध्ये डोकं घातल्यावर रात्री त्या मऊ केसांचा वास घेत झोपण्यासारखं सुख नाही. शिवाय सकाळी आठची लोकल पकडायची असेल, तर रात्री चार-चार वेळा उठून पाळण्यापर्यंत जाण्याची ताकद कुणात असते? पलंगाला जोडून लावायचे छोटे पाळणे मिळतात, तेही बरोबर याच वयात रिटायर होतात. बाळ हातापायांवर जोर देऊन अंग उचलायला लागलं, की ते वापरायचे नसतात.

म्हणजे गंमत बघा. बाळ सगळ्यात चळवळं होतं, तेव्हाच ते घरातल्या सगळ्यात उंच अंथरुणावर झोपायला येतं. खरी गोची इथे आहे.

आजी पार्टी आणि डॉक्टर पार्टी

या विषयावर घराघरांत दोन तट पडतात. एक आजी पार्टी. ‘अगं, आम्ही तुम्हाला कुशीत घेऊनच वाढवलं. काही झालं का तुम्हाला?’ हा त्यांचा बिनतोड डायलॉग. त्यात तथ्यही आहे. मूल आईजवळ झोपणं ही आपल्याकडची जुनी रीत. जपानमध्ये तर आई-बाबा दोन बाजूंना आणि मूल मध्ये, अशा झोपण्याला ‘नदीच्या अक्षरासारखं’ झोपणं म्हणतात. कारण त्यांच्या लिपीत नदीचं अक्षर म्हणजे तीन उभ्या रेघा!

दुसरी डॉक्टर पार्टी. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये आपल्या सूचना नव्याने मांडल्या. त्यांचं म्हणणं असं, की बाळाला आपल्याच खोलीत झोपवा, पण वेगळ्या अंथरुणावर. निदान पहिले सहा महिने तरी. कारण झोपेत बाळ अचानक दगावण्याच्या ज्या घटनांना ‘सिड्स’ म्हणतात, त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त पहिल्या सहा महिन्यांत घडतात.

पण सगळे डॉक्टर एकाच सुरात बोलतात असंही नाही. ब्रिटनमध्ये सरकारला आरोग्याचे निकष ठरवून देणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेने २०२१ मध्ये सांगितलं, की बाळाला जवळ घेऊन कसं झोपायचं आणि कधी अजिबात झोपायचं नाही, हे आई-बाबांशी मोकळेपणाने बोला. अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिनचंही २०२० मधलं मत साधारण असंच आहे. कारण उघड आहे. ‘बेडवर घेणार नाही’ अशी शपथ घेतलेली थकलेली आई रात्री तीनला सोफ्यावर बसून पाजते आणि तिथेच तिचा डोळा लागतो. सोफ्यावर बाळाला घेऊन झोपणं तर बेडपेक्षा कितीतरी वाईट. ब्रिटनची ‘लल्लबाय ट्रस्ट’ ही संस्था सांगते, की त्याने सिड्सचा धोका ५० पटींपर्यंत वाढू शकतो.

या भांडणात मी पडत नाही. तुमचा निर्णय तुमच्या बाळाच्या डॉक्टरांशी बोलून घ्या. पण काही रात्री अशा आहेत, जिथे दोन्ही पाटर्‌यांचं एकमत आहे. त्या रात्री बाळ वेगळं झोपणार म्हणजे झोपणार!

दोघांपैकी कुणीही सिगारेट ओढत असेल, भले ती बाल्कनीत जाऊन का असेना. वीकेंडला एखादा पेग झाला असेल. झोप येणारं कुठलंही औषध घेतलं असेल, त्यात सर्दीची साधी गोळीसुद्धा आली. किंवा बाळ ३७ आठवड्यांच्या आधी जन्मलेलं असेल, अथवा जन्मतः अडीच किलोपेक्षा कमी वजनाचं असेल. या चारात ‘आजच्या दिवस चालतंय’ असं काही नसतं.

किल्ल्यात घोळ काय आहे?

सहा महिने उलटले म्हणजे सुटलो, असं वाटतं खरं. सिड्सची भीती कमी होते, पण धोका जात बदलतो. आता भीती पडण्याची, कुठे अडकण्याची, तोंडावर काही येण्याची आणि तोंडात काही जाण्याची. उशांचा किल्ला यातलं काहीच थांबवत नाही.

एक म्हणजे, उशी मऊ असते. झोपेत सरकत सरकत बाळ तिच्यात तोंड खुपसतं आणि बाहेर कसं यायचं ते त्या वयात सुचेलच असं नाही. दुसरं, रांगणाऱ्या बाळासाठी उशी म्हणजे भिंत नव्हे, पायरी! ते तिच्यावर चढतं आणि मग पलंग अधिक उशी अशा दुप्पट थाटात खाली येतं. आणि तिसरं सगळ्यात वाईट. किल्ला बांधला, की आपण निर्धास्त होतो. दार ओढून घेतो, मिक्सर लावतो, टीव्हीचा आवाज वाढवतो.

मग कुणीतरी सुचवतं, पलंग भिंतीला चिकटवून टाका. एक बाजू तरी बंद! इथेही जपून. आपल्याकडे पलंग सुताराकडून आणि गादी दुकानातून येते. ७८ इंची पलंगात ७५ इंची गादी हा तर घरोघरीचा किस्सा. तीन इंचांची ती फट मोठ्या माणसाला दिसतही नाही, पण वळत-सरकत आलेल्या बाळाचा हात, पाय आणि पुढे मान अडकायला तेवढी पुरते. शिवाय रोज थोडं थोडं सरकून गादी आणि भिंत यांच्यात आणखी एक फट तयार होत असते. म्हणून नियम साधा ठेवा. एकतर फट इतकी कमी, की दोन बोटंही शिरणार नाहीत. नाहीतर भिंत आणि गादी यांच्यात चांगलं दीड-दोन फूट अंतर. अधलंमधलं काही नको.

आणि ऑनलाइन मिळणारं ते जाळीचं कुंपण? दिसायला एकदम झकास. पण अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या नियमांत पलंगाला लावायचे हे कठडे दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी आहेत, म्हणजे जी आपली आपण पलंगावर चढू-उतरू शकतात त्यांच्यासाठी. छोटं बाळ गादी आणि कठड्याच्या मधल्या जागेत घसरून अडकू शकतं. ऑर्डर करण्याआधी खोक्यावरचं वय वाचा.

पलंगाला वर्षभर सुट्टी

मग करायचं काय? उत्तर आपल्याच जुन्या घरांत आहे. गादी खाली घ्या!

जमिनीवर टाकलेल्या चार-सहा इंची गादीवरून बाळ घरंगळलं, तर फार तर दचकून उठेल. पडण्याची भीती एका झटक्यात जवळजवळ संपते. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरुणंच असायची, तिथे मूल पडणार कुठून? ठाण्यात राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने हा प्रयोग केला. तिचा नवरा आधी कुरकुरला. ‘अगं, ईएमआयवर घेतलेला स्टोरेज बेड तसाच ठेवायचा?’ त्यावर ती म्हणाली, ‘बेड ठेव रे, गादीच खाली घे. बेडवर तुझे इस्त्रीचे कपडे ठेव.’ विषय संपला. जागा नसेल, तर हॉलमधलं सेंटर टेबल रात्रीपुरतं बाजूला करा आणि तिथे अंथरूण टाका. भाड्याच्या घरात घरमालकाचा पलंग हलवता येत नसला, तरी गादीला काही पाय फुटलेले नसतात!

पण गादी कुठलीही चालणार नाही. हाताने दाबा आणि सोडा. खड्डा लगेच भरून आला पाहिजे. हाताचा ठसा तसाच राहणारी मेमरी फोमची गादी ऑफिसमुळे दुखणाऱ्या तुमच्या पाठीला कितीही गोड वाटो, बाळासाठी ती बाद. काथ्याची घट्ट गादी उत्तम. जुनी कापसाची गादी असेल आणि मध्ये खोलगट झाली असेल, तर आधी पिंजाऱ्याकडून पिंजून, घट्ट भरून घ्या. चादर चारही कोपऱ्यांना इलॅस्टिक असलेली घ्या, म्हणजे बाळाच्या वळवळीने ती गोळा होऊन तोंडावर येणार नाही. आणि गादीच्या कडेला ‘पडलं तर मऊ लागावं’ म्हणून गोधड्यांची रास रचू नका. नुसती सतरंजी किंवा चटई पुरे.

मुंबई-कोकणाच्या दमट हवेत गादी जमिनीवर पडून राहिली, की खालून ओल धरते आणि बुरशी येते. म्हणून खाली चटई घाला आणि सकाळी गादी उचला. उचललेली गादी भिंतीला नुसती टेकवून मात्र ठेवू नका. रांगत आलेलं बाळ ती अंगावर ओढून घेऊ शकतं. गुंडाळून बांधा, नाहीतर सरळ पलंगावर टाका. पलंगाचा तेवढाच उपयोग!

कोण कुठे झोपणार?

बाळ आईच्या बाजूला, बाबा आईच्या पलीकडे. ‘मध्ये असलं म्हणजे पडणार नाही’ हे लॉजिक उंच पलंगासाठी होतं. खाली आल्यावर त्याची गरज उरत नाही, उलट मध्ये दोन्हीकडून पांघरुणं बाळावर येतात. पाजणारी आई बहुतेक वेळा एका ठरावीक पद्धतीने झोपते. बाळाकडे तोंड करून कुशीवर, गुडघे बाळाच्या पायांखाली वळवलेले आणि हात त्याच्या डोक्याच्या वर. तिच्या अंगाचाच एक आडोसा तयार होतो. अमेरिकेतले मानववंशशास्त्रज्ञ जेम्स मॅकेना यांनी आई-बाळाच्या एकत्र झोपेचा वर्षानुवर्षं अभ्यास केला, त्यात या झोपण्याचं वर्णन येतं. बाबांचं तसं नसतं. ते कूस बदलतात तेव्हा अख्खी दुलई बरोबर नेतात! मोठं भावंड असेल तर तेही बाळाशेजारी नको. झोपेत लाथा मारण्यात त्यांचा हात, सॉरी, पाय कुणी धरू शकत नाही.

पांघरूण बाळाचं वेगळं. खरं तर पांघरुणाऐवजी कपडेच पुरेत. एसी असेल तर तो २४-२६ वर ठेवा आणि बाळाला पूर्ण बाह्यांचं सुती झबलं घाला. घरात झोपताना टोपडं आणि नाडीची कुंची नको. डोकं झाकलं, की बाळाची उष्णता बाहेर पडत नाही. हातपाय गार लागले म्हणून घाबरू नका, मानेखाली हात घालून बघा. तिथे घाम असेल तर कपडे जास्त झालेत. दुपट्यात घट्ट गुंडाळणं बाळ वळायच्या खटपटीला लागलं त्याच दिवशी बंद. पालथं पडलं आणि हात आतच बांधलेले असले, तर ते डोकं उचलणार कसं?

झोपवताना नेहमी पाठीवर झोपवा, वर्षाचं होईपर्यंत. मग रात्री ते स्वतःच पालथं झालं तर? दोन्ही बाजूंना आपलं आपण वळता येत असेल, तर राहू द्या. दर दहा मिनिटांनी उठून उलथवत बसायला ती काही भाकरी नव्हे!

राहिली राईची उशी. ‘डोकं गोल होतं’ म्हणून आजी ती कौतुकाने शिवून देते. अमेरिकेच्या एफडीएने २०२२ मध्ये डोक्याला आकार देणाऱ्या उशा वापरू नका असं स्पष्ट सांगितलंय, कारण त्यांनी बाळ गुदमरू शकतं. आणि आकाराचं म्हणाल, तर बाळ बसायला-रांगायला लागलं, की डोक्यावरचा दाब कमी होऊन ते बहुतेक वेळा आपोआप सुधारत जातं. आजीला दुखवू नका. ‘अहो आई, किती सुंदर शिवलीय, जपून ठेवते,’ म्हणा आणि खरंच कपाटात जपून ठेवा.

आता खोली हाच पाळणा

गादी खाली आली, की पडण्याचं टेन्शन जातं, पण एक नवीन काम येतं. बाळ आता रात्री कधीही उठून फिरायला निघू शकतं. त्यामुळे गादीच नाही, अख्खी खोली त्याचं अंथरूण. येत्या शनिवारी दुपारी दोघांनी मिळून एक धमाल उद्योग करा. चक्क पोटावर झोपा आणि खोलीभर रांगा. बाळाला जे दिसतं ते तुम्हालाही दिसेल.

पहिलं दिसेल ते गादीच्या उशाशी असलेलं प्लगचं भोक. डासांचं लिक्विड मशीन इथेच लागलेलं असतं आणि मोबाइलच्या चार्जरची वायरही इथेच लोंबत असते. मशीन वरच्या बोर्डावर न्या, खालच्या प्लगला झाकण लावा, चार्जर रात्रीपुरता हॉलमध्ये. डेंग्यू-मलेरियाच्या दिवसांत मच्छरदाणी हवीच. ती गादीखाली चारही बाजूंनी ताणून खोचा आणि लोंबणाऱ्या दोऱ्या वर बांधून टाका. सैल मच्छरदाणीत बाळ गुरफटतं आणि जाळीला चिकटून झोपलं तर डास बाहेरूनच कार्यक्रम उरकतात. जमिनीवर ठेवलेली कॉइल तर साफ बंद.

दुसरं, छोट्या वस्तू. हेअरपिन, सेफ्टी पिन, नाणी, गोळ्यांची स्ट्रिप, ब्लूटूथ इयरफोनची टोकं. आणि सगळ्यात खतरनाक म्हणजे चपटे बटन सेल. वजनकाट्यात, गाडीच्या किल्लीत, छोट्या रिमोटमध्ये, गाणाऱ्या खेळण्यात ते असतात. गिळलेला सेल अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतसुद्धा आतून भाजू शकतं. गिळल्याची नुसती शंका आली, तरी रात्री-अपरात्री हॉस्पिटल गाठा. सकाळची वाट बघू नका.

तिसरं, ओढलं की अंगावर येईल असं सगळं. टीव्हीचं युनिट, चपलांचं कपाट, पुस्तकांचं रॅक, टेबलफॅन. उभं राहायला शिकणारं बाळ हँडल धरूनच उठतं. सुताराला बोलावून जड कपाटं भिंतीला स्क्रूने पक्की करून घ्या. खिडकीच्या पडद्यांच्या नि ब्लाइंड्सच्या दोऱ्या वर गुंडाळा आणि खिडकीखाली चढता येईल असं काहीही ठेवू नका. पलंग तिथे असेल तर तोच आधी हलवा. खिडकीच्या ग्रिलचे गज मोजा, काच सरकवून ठेवायची सवय मोडा. बाथरूमचं दार रात्री बाहेरून कडी लावूनच. बादलीभर पाणीही बाळाला पुरेसं धोक्याचं असतं.

चौथं, अंगावरचं. नजर लागू नये म्हणून गळ्यात बांधलेला काळा दोरा रात्री काढाच. सैल मण्यांच्या मनगट्याही काढा. मणी निघाला की थेट तोंडात! आईचे लांब केस बांधलेले हवेत, मंगळसूत्र उशाशी नव्हे तर कपाटात, गाऊनच्या नाड्या आत.

साडेनऊचा कॉल

आता सगळ्यात महत्त्वाचं. बहुतेक घरांत बाळ आठ-साडेआठला झोपतं आणि आई-बाबा अकराला. मधले दोन-अडीच तास अमेरिकेचा कॉल असतो, डबे भरणं असतं, वेबसिरीजचा एखादा एपिसोड असतो. नेमक्या याच वेळात बाळ मोठ्या पलंगावर एकटं असतं. जवळ आई असताना ते जरा हललं तरी तिला जाग येते. एकटं असताना त्याच्यापाशी फक्त उशा असतात.

म्हणून एक नियम लिहून भिंतीवर लावा. वळता येणारं बाळ मोठ्यांच्या पलंगावर एकटं राहणार नाही. दोन मिनिटंही नाही, कुरियर आला तरी नाही. तुम्ही झोपायला येईपर्यंत ते खालच्या गादीवर किंवा चारही बाजूंनी कठडा असलेल्या कॉटमध्ये झोपेल. बाळ बसायला लागलं, की कॉटचा तळ एक पायरी खाली घ्या. उभं राहायला लागलं, की सगळ्यात खाली. झोळी आणि टांगलेला पाळणा मात्र आता पुरे, बाळ उठून बसलं की त्यातून बाहेर येतं. बेबी मॉनिटर घ्या, हरकत नाही. पण तो बाळाला पकडत नाही, फक्त पडल्याचं सांगतो!

बाळ रात्री आजीजवळ झोपत असेल, तर आजीला हे सगळे नियम लागू. विशेषतः झोपेची गोळी. विचारायला संकोच वाटतो, मान्य. पण विचारा. ‘आई, रात्री कुठली गोळी घेता?’ एवढंच. आणि पाळणाघरात ठेवत असाल, तर दुपारी बाळ नक्की कशावर झोपतं ते एकदा न कळवता जाऊन बघा.

जोडीला बाळाला एक कला शिकवा. आठ-नऊ महिन्यांपासून गादीच्या कडेला आलं, की त्याला उलटं फिरवायचं आणि म्हणायचं, ‘आधी पाय, मग आपण!’ रोज पाच-सहा वेळा. काही आठवड्यांत स्वारी पाठमोरी होऊन रुबाबात उतरायला लागते. पण अर्धवट झोपेत ही विद्या आठवेलच, याची गॅरंटी नाही. म्हणून ती गादीच्या जोडीला, गादीऐवजी नव्हे.

आणि पडलंच तर?

पलंगावरून पडलेली बहुतेक बाळं थोडं रडून, टेंगूळ मिरवत पुन्हा हसायला लागतात. तरी वर्षाच्या आतलं बाळ डोक्यावर पडलं, तर डॉक्टरांना फोन करा, मग ते कितीही हसत असो. आणि यातलं काहीही दिसलं, तर फोनवर बोलत बसू नका, थेट हॉस्पिटल. बेशुद्ध झालं, झटके आले, पुन्हा पुन्हा उलट्या झाल्या, नाक-कानातून रक्त किंवा पाणी आलं, टाळू फुगलेली वाटली, नेहमीपेक्षा जास्त सुस्त झालं, रडणं थांबतच नाही किंवा एक हात-पाय हलवत नाही. अँब्युलन्ससाठी १०८. मान आणि पाठ दुखावल्याची शंका असेल आणि आजूबाजूला दुसरा धोका नसेल, तर उगाच उचलू-हलवू नका. आणि कुठल्याही परिस्थितीत जागं करण्यासाठी बाळाला गदागदा हलवायचं नाही.

पडल्यानंतर ‘तुझंच लक्ष नव्हतं’ हा कार्यक्रमही नको. दिवसभर ऑफिस करून आलेल्या दोन माणसांचं लक्ष रात्रभर टिकणं शक्यच नसतं. म्हणून तर लक्षावर अवलंबून न राहणारी व्यवस्था हवी. गादी खाली आहे, खोली मोकळी आहे, मग डोळा लागला तरी फारसं बिघडत नाही. सेफ्टीचा सगळा फंडा एवढाच.

मग आपलं दोघांचं काय?

हा प्रश्न मोठ्याने कुणी विचारत नाही, पण असतो प्रत्येकाच्या मनात! मंडळी, आता बेडरूममध्ये पलंग रिकामा आहे आणि बाळ खाली किंवा कॉटमध्ये गाढ झोपलंय. यापुढचं मी सांगायला नको. फक्त एक करा. पहाटे झोपताना उशा पलंगावरच राहू द्या, खाली आणू नका.

असं किती दिवस? फार नाही. दीड-दोन वर्षांत मूल आपलं आपण चढू-उतरू लागतं, मग गादी पुन्हा वर. तोवर पाहुण्यांनी नाकं मुरडली तर खुशाल मुरडू देत. या शनिवारी दुपारचं जेवण झालं, की सिनेमाचं तिकीट काढण्याआधी तासभर द्या. एकाने गादीची दोन टोकं धरा, दुसऱ्याने दोन. जड असते, कंबर सांभाळा!